कुंदाबाईंची सही

मंगळवारी शाळेतल्या नोकरीवरून येऊन कुंदाबाई गहू निवडायला बसल्या आणि बँकेचं पत्र आलं : पती हयात नाहीत, पत अपुरी, कर्ज नामंजूर. लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला चारच दिवस उरले होते. त्या नवा अर्ज घेऊन पुन्हा बँकेत गेल्या.

मॅनेजर मुळ्ये त्यांचे शेजारीच. ते खेकसले, “बाई, किती हेलपाटे घालाल? एकटीच्या सहीला काय किंमत?”

“तेवढं लिहून द्या.”

“कशाला?”

“मागच्या महिन्यात तुमच्या घरकर्जाला जामीन म्हणून याच एकटीची सही घेतलीत, भाऊजी. ती रद्द करायला कागद लागेल ना!”

मुळ्यांनी अर्ज पुढे ओढला आणि मंजूर केला.

लेक आता दुसऱ्या वर्षाला आहे. मुळ्यांच्या जामिनावरचं आपलं नाव कुंदाबाईंनी अजून काढलेलं नाही.