उठेल तेव्हा केवढी

"पण अम्मा, उठेल तेव्हा ती केवढी असेल?"

हेराइसनं तिसऱ्यांदा विचारलं. आधी दोनदा तिनं हाच प्रश्न पुस्तकी भाषेत विचारून पाहिला होता. पुनरुत्थित देहाचं वय मृत्यूच्या क्षणाचं मानावं की पूर्णत्वाचं, असा. तेरोस अम्मा खजुराची पाती टोपलीच्या कडेत ओवत राहिल्या होत्या. मग तिनं विद्या बाजूला ठेवली आणि चारचौघींसारखं विचारलं.

"कोण?" अम्मा म्हणाल्या.

"माझी मुलगी. अप्पिया."

पाती ओवणारे हात थांबले.

"गेली तेव्हा केवढी होती?"

"दोन वर्षांची. दोनाला अठरा दिवस कमी होते."

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं."

अम्मांनी टोपली खाली ठेवली.

नाईलच्या काठची हिरवळ संपून वाळू सुरू होते तिथं अम्मांची झोपडी. साठ वर्षं त्या तिथं देवाचं नाव घेत एकट्या राहत होत्या. हेराइस पहाटे गावातून निघाली होती आणि वाटभर स्वतःशीच भांडत आली होती. बापानं तिला अलेक्झांड्रियाला ठेवून शिकवलेलं. गावातली पत्रं तीच वाचायची, तंटे तीच मिटवायची. आणि आता एका निरक्षर म्हातारीपुढं येऊन बसली होती. शिकलेल्या बाईची ही गत, असं तिलाच वाटत होतं. पण उठून जायची तिची तयारी नव्हती.

"तुमच्या मंडळीत काय सांगतात?" अम्मांनी विचारलं.

"कुठल्या मंडळीत? आमच्या एवढ्याशा गावात तीन मतं आहेत."

"सांग की."

"मी ज्यांच्याकडे शिकले ते म्हणतात, देह म्हणजे सापाची कात. आत्मा उठतो, कात पडून राहते. गावच्या मंडळीचे वडील म्हणतात, हाच देह उठणार, हीच हाडं, हेच दात. प्रभूनं उठल्यावर जखमा दाखवल्या, शिष्यांसमोर मासा खाल्ला. कातीला भूक लागते का, विचारतात. आणि माझी जाऊ ज्यांच्यात जाते ते म्हणतात, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर आलो तेव्हाच आपण उठलो. आता पुढं उठायचं काही शिल्लक नाही."

"जाऊ बरी आहे ना?"

"झोप छान लागते तिला."

अम्मा हसल्या. तोंडात दोनच दात होते, दोन्ही दिसले.

"आणि तू कोणाची?"

"वाचायला बसले की पहिल्यांची. पोरीपाशी बसले की दुसऱ्यांची."

"पोरीपाशी...?"

हेराइसनं मान खाली घातली.

त्या मुलखात माणूस गेलं की त्याला तागाच्या पट्ट्यांत गुंडाळून घरातच खाटेवर ठेवायची जुनी रीत होती. लोक ख्रिस्ती झाले, देव बदलले, पण खाटा तिथंच राहिल्या. अप्पियाही आतल्या खोलीत, खिडकीखालच्या खाटेवर होती.

"मंडळीच्या वडिलांनी निरोप धाडलाय," हेराइस म्हणाली. "ही रीत आपल्यात चालणार नाही म्हणतात. रविवारच्या आत पुरा, नाहीतर प्रभुभोजनाला बसायचं नाही."

"मग पुर."

"तुम्हीपण तेच म्हणताय!"

"तुझे पहिले गुरू काय म्हणतात? कातच ना ती? कात पुरायला काय हरकत आहे?"

"तेच तर..." हेराइसचा आवाज चढला. "कात म्हणणाऱ्यांची विद्या मी शिकले, आणि मलाच ती कात सोडवत नाही. हाच देह उठणार म्हणणारे मात्र तो मातीत घाला म्हणतात. अम्मा, त्यांचं खरं असेल तर ती मातीखाली उठेल. डोळे उघडेल आणि जवळ कोणी नसेल."

अम्मा थोड्या जवळ सरकल्या.

"झोपेतून उठल्यावर कोणी दिसलं नाही ना, तर ती रडायचीसुद्धा नाही. श्वासच धरायची. ओठ निळे पडायचे. मी धावत जाऊन तोंडावर फुंकर मारायची, मग कुठं हंबरडा फुटायचा. सासूबाई म्हणायच्या, हट्टी आहे, सुटेल सवय... मी नसताना तिनं तिथं श्वास धरला तर?"

बोलून झाल्यावर तिचं तिलाच हसू आलं. मेलेल्या मुलीनं श्वास धरला तर म्हणे. अलेक्झांड्रियाच्या गुरूंनी हे ऐकलं असतं तर?

अम्मा हसल्या नाहीत.

"म्हणून तू तीन वर्षं शेजारी बसून आहेस."

"घरचं आवरून बसते. शिवत असते."

"काय शिवतेस?"

हेराइसनं गाठोडं सोडलं. आत तीन झगे होते. एक अगदी लहान, दुसरा त्याहून चार बोटं लांब, तिसरा आणखी लांब.

"दरवर्षी एक," ती म्हणाली. "उठली आणि अंगावर येणारं काही नसलं तर... एकदम वर्षभराच्या वाढीचं कापड धरते. शेजारच्या, तिच्याच वयाच्या पोरीला भिंतीशी उभी करून माप घेते. तिच्या आईला सांगते, भाचीसाठी हवंय."

अम्मांनी तिसरा झगा मांडीवर पसरला. शिवण नखानं ओढून पाहिली.

"गळ्याला बंद ठेवलेत. बटण नाही लावलंस."

"ती बटणं तोंडात घालते."

"हं."

त्यांनी झगा घडी करून परत दिला.

"माझी आई बावीस वर्षांची असताना गेली," अम्मा म्हणाल्या. "मी ऐंशीची. ती उठेल आणि मीही उठेन. मग कोणी कोणाला मांडीवर घ्यायचं गं?"



"अम्मा... तुम्हाला ठाऊक नाही?"

"नाही."

"साठ वर्षं इथं काढलीत! काय केलंत मग?"

"टोपल्या."

हेराइसची कानशिलं तापली. पहाटेपासूनची वाळू, फुटलेल्या टाचा, आणि शेवटी हे उत्तर! पण ती उठली नाही. मांडी घट्ट घालून बसली.

"तुम्ही मला नुसतं परत पाठवू शकणार नाही. उत्तर घेतल्याशिवाय मी इथून हलत नाही. रविवार उजाडला तरी नाही."

"बरं," अम्मा म्हणाल्या. "मग फावडं घे."

गुडघ्यांवर हात रोवत त्या उठल्या आणि झोपडीच्या मागं गेल्या. हेराइस फावडं घेऊन मागोमाग.

तिथं एक खड्डा होता. लांबट, अरुंद, कडेला दगड लावलेला.

"माझा," अम्मा म्हणाल्या. "चाळिशीत खणला. दरवर्षी वाऱ्यानं वाळू भरते, दरवर्षी मी उपसते. आता रुंद करायचाय."

"रुंद? कशाला?"

"हातानं दाखव, केवढी आहे."

हेराइसचा तळवा आपोआप कमरेशी आला, तिसरा झगा बसेल अशा पोरीच्या उंचीवर.

अम्मांनी मान हलवली. "खिडकीखाली आहे ती. तीच दाखव."

हेराइसचा हात तसाच हवेत राहिला... मग खाली आला. मग तिनं दोन्ही तळवे पुढं धरले, एकमेकांसमोर. बराच वेळ ते अंतर तिला जमेना. थोडं जास्त व्हायचं, पुन्हा जवळ आणायची. शेवटी हात स्थिर झाले.

अम्मांनी खजुराचं एक पातं त्या दोन तळव्यांमध्ये धरलं, मापानं तोडलं आणि खड्ड्याच्या डाव्या कडेशी वाळूवर आडवं ठेवलं.

हेराइसनं त्या पात्याकडे पाहिलं.

"अम्मा, ही तुमची जागा आहे."

"पुरेल दोघींना. मी काय, वाळले आहे."

"पण तुम्ही अजून... तुम्ही यायच्या आधी ती एकटीच असेल."

"मी इथंच वर बसलेली असते. टोपल्या कुठंही विणता येतात."

 हेराइसनं पदर कमरेला खोचला, खड्ड्यात उतरली आणि डाव्या कडेवर फावडं घातलं. वाळू सैल होती. एक फावडंभर काढावी तर अर्धी परत घसरत होती. तिनं दगड काढून वाळू आधी लांब ओढली, मग कड तासली, मग दगड पुन्हा बसवले. हातांना फोड आले. अम्मा वर बसून एकेक दगड सरकवून देत होत्या.

खणताखणताच तिनं विचारलं, "आणि पहिल्यांचं खरं निघालं तर? नुसती कातच असली तर?"

"तर दोन काती शेजारीशेजारी पडून राहतील."

फावडं चाललं.

"आणि जावेचं खरं असलं तर?"

"तर ती केव्हाच उठून खेळायला गेली असेल."

हेराइसच्या ओठांचा कोपरा हलला. आणखी दोन-चार वेळा तिनं फावडं मारलं. माप भरलं. ती थांबली, आणि या वेळी वर न बघता विचारलं.

"आणि मंडळीच्या वडिलांचं खरं असलं तर, अम्मा? ती उठली तर?"



काठाला धरून अम्मा सावकाश खड्ड्यात उतरल्या. हेराइसनं हात द्यायला फावडं टाकलं, पण तोवर त्या खाली बसल्याही होत्या. मग आडव्या झाल्या, उजव्या बाजूला सरकल्या, अंगाखालचा एक खडा काढून वर फेकला. हात उशाला घेऊन त्यांनी शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. एकदा इकडं वळून पाहिलं, एकदा तिकडं. काही पसंत पडेना.

"तिला कुठल्या कुशीवर झोपायची सवय होती गं?"