दवाने फसवलेला खूर

डोंगराच्या पायथ्याशी एक कुरण होते आणि एक म्हातारी गाय त्याला जिवापाड जपत असे. सारा कळप तिला आजी म्हणे. रोज पहाटे ती एकटीच कुरणात जाई आणि मातीत खूर दाबून बघे. माती खुराला चिकटली तर हाक देई, "चला गं, चरा!" धूळ उडाली तर सगळ्यांना वरच्या खडकाळ माळावर नेई. कोरड्या मातीत चरले की गवत मुळासकट उपटून येते, आणि मूळच गेले तर पुन्हा उगवणार काय, कपाळ?

त्या वर्षी थंडी सरता सरता आजीला एकच घोर लागला. तिची लाडकी नात गाभण होती, चैत्रात विणार होती. तोवर कुरण टिकले तरच वासराला पोटभर दूध मिळणार होते. खूर तर रोज ओला निघे, म्हणून कळप रोज कुरणातच चरे. पण आजीचा जुना सोबती गांडूळ, जो पहाटे गप्पा मारायला हटकून वर येई, तो आठ दिवसांत दिसला नव्हता. शेवटी जमिनीला तोंड लावून ती म्हणाली, "गांडूळबुवा, रुसलात की काय?"

खालून बारीक आवाज आला, "रुसतोय कशाला, आजीबाई! जरा मोठ्याने बोला, मी हातभर खाली आहे. ओल खाली गेली, तिच्या मागोमाग मीही आलो."

"काहीतरीच! माझा खूर तर ओला आहे."

"ते दव हो! ऊन चढू द्या, मग बघा."

ऊन चढले. आजीने खूर दाबला तर फुफाटा उडाला. शेजारीच नातीने गवत ओढले, ते मुळासकट तोंडात आले. आजी ओरडली, "थांबा गं! चूक माझी आहे. आजपासून सगळ्यांनी माळावर."

"आजी, माझ्या पोटात जीव आहे. मी वाळक्या काड्या चघळू?" नात रडवेली झाली.

आजीला भडभडून आले, पण ती हटली नाही. माळावर मात्र प्रत्येक बरा घास तिने नातीपुढे सरकवला आणि स्वतः रिकाम्या तोंडाने रवंथ करण्याचे सोंग केले.

चैत्रात वळवाची एक सर आली. त्या आठ दिवसांत उपटलेली जागा तशीच बोडकी राहिली. बाकीच्या कुरणात मुळे शाबूत होती, तिथे हिरवे कोंब फुटले. नात व्याली आणि वासराचे तोंड दुधाच्या फेसाने माखले. आता आजी ऊन चढल्यावरच कुरणात जाते आणि आधी विचारते, "बुवा, आज कुठवर आहात?"

"इथेच, तुमच्या खुराखाली! जपून पाय ठेवा!"

तात्पर्य : वरवरच्या ओलाव्यावर विसंबू नये, खालची खबर खाली राहणाऱ्यालाच विचारावी.