साळूने राजांना बाजा घेऊन दिला

साळूच्या बापाचा भाता राजवाड्यात जप्त झाला, आणि तोही एका सुरापायी!

त्याचं असं झालं. टेंभुर्डे संस्थानच्या रायाजीराजांना सॅक्सोफोन शिकायची हौस आली होती. आधी पतंगांची होती, मग कबुतरांची. कबुतरं उडून गेली, तेव्हा ही आली. साळूचा बाप सखोबा वाड्याच्या अंगणात भात्याने विस्तव फुलवत पातेल्यांना कल्हई लावत होता. वर गच्चीत राजांनी गाल फुगवून पहिली फुंकर मारली. फुस्स... भोंऽऽ! सखोबाला वाटलं, आपलाच भाता फाटला. बिचारा तो उलटापालटा करून सुईदोऱ्याने शिवायला बसला! राजांनी ते वरून पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भात्याशिवाय कल्हई कसली? चार दिवस सखोबा घरात नुसता बसून होता. त्याच्याकडे बघवेना, तेव्हा पाचव्या दिवशी साळूने पदर खोचला आणि थेट दरबार गाठला.

"महाराज, भाता द्या जी. आमची चूल थंड पडलीया!"

"तुझ्या बापाने माझ्या सुराला फाटका भाता म्हटलं!"

"म्हनला न्हाई जी. निस्ता शिवाया बसला."

कारभाऱ्यांनी खोकल्याआड हसू लपवलं. राजे आणखीच भडकले.

"दोष माझा नाही, बाजाचा आहे! सात मागवले, सातही खोटे निघाले! भाता हवा ना? मग मला टेनर सॅक्सोफोन आणून दे. नवशिक्याचा नको, मी राजा आहे! उस्तादाचा नको, त्याच्या चाव्या माझं ऐकत नाहीत! मधला हवा. राणीसाहेबांनी ही एवढीच थैली दिली आहे, तेवढ्यात बसव. आणि मी भर रस्त्यात वाजवला की लोक नाचले पाहिजेत, 'आणखी वाजवा' म्हणाले पाहिजेत! राजा म्हणून भिऊन नव्हे, मनापासून! जमलं नाही, तर त्या भात्याच्या कातड्याचे मी जोडे शिवीन."

कारभारी हळूच म्हणाले, "पोरी, रडून घे आणि घरी जा."

साळू रडली नाही. तिने थैली उचलली. "आठ दिस द्या. पर मी देईन त्यो अंगरखा घालावा लागंल, महाराज!"

"घालीन! राजाचा शब्द आहे."

तिथून ती निघाली ती बँडमास्तर इमामचाचांच्या दारात. त्यांच्याकडे एक टेनर नुसताच खुंटीला लटकत होता.

"माझ्या जोडीदाराचा आहे, बेटी. वीस वर्षं वाजवला. मग दात पडले."

"बाजाचं?"

"त्याचे गं!"

साळू कल्हईवाल्याची पोर, पितळ तिला कोण शिकवणार? तिने सांध्यांवरून नख फिरवलं, कुठे कथलाचा डाग देऊन चीर लपवलीय का ते पाहिलं. एकेक चावी दाबून झाकण गच्च बसतं की नाही ते तपासलं. खालपासून वरपर्यंत सगळे सूर चाचांकडून वाजवून घेतले. बाजा साधा होता, नक्षी नव्हती, पण कुठे गळत नव्हता; ना नवशिक्याचा, ना उस्तादाचा. चाचांनी मात्र थैलीपेक्षा जास्त मागितले.

"तीन पोचे हायती, चाचा."

"पोच्यातून सूर जात नाही."

"बरं, थैली घ्या, आन् वर वरीसभर तुमच्या घरची भांडी फुकट कल्हई करून देते. पर भाता सुटला तर! त्यो सुटावा म्हनून परवाच्या लग्नात माझा एक मानूस तुमच्या रांगंत घ्या."

"वाजवतो कसा?"

साळूने जरा विचार केला. "जोर लई हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला. पुढे इमामचाचांचा बँड: सहा ट्रंपेट, चार ताशे, दोन भलेथोरले ढोल. मधल्या रांगेत साळूने दिलेला बँडचा लाल कोट घालून, सोनेरी गोंड्यांची टोपी भुवयांपर्यंत ओढून रायाजीराजे! राजांनी डोळे मिटले आणि जीव खाऊन फुंकलं. ढोल धडाडले, ताशे कडकडले, पोरंबाळं उड्या मारायला लागली. नवऱ्याचा मामा दातात रुमाल धरून नाचत नाचत राजांपुढे आला. त्याने एक नाणं त्यांच्यावरून ओवाळलं आणि ते कोटाच्या खिशात कोंबलं.

"ए टोपीवाल्या, थांबतोस काय? आणखी वाजव!"

राजांना हुंदकाच फुटला. आजवर मुजरे पुष्कळ मिळाले होते, पण असं प्रेमाने कुणी दरडावलं नव्हतं. मारुतीच्या पारापर्यंत ते स्वतःही नाचतच गेले.

पारामागे आडोशाला साळूने हात जोडले. "महाराज, माझ्या बाचा भाता?"

तेवढ्यात मागून धापा टाकत कारभारी पोहोचले. "महाराज, ही शुद्ध फसवणूक आहे! मी तुमच्या मागेच चालत होतो. त्या ढोलताशांत तुमचा एक सूरही कुणाला ऐकू आला नाही. मलासुद्धा नाही!"

राजांचा चेहरा पडला. त्यांनी हातातल्या बाजाकडे पाहिलं, मग साळूकडे. "खरं आहे हे?"

साळूची जीभ काही अडखळली नाही.

"खरं हाय, महाराज. तुमी म्हनला, मधला पायजे, मधला आनला. थैलीत बसवा म्हनला, बसवला. लोकं नाचली पायजेत म्हनला, नाचली! आनखी वाजव म्हनली, तेबी न भिता! पर ऐकू याया पायजे, असं कवा म्हनला वो तुमी?"

इमामचाचांनी डोळे मिटून घेतले.

आणि राजे हसले! असे हसले की टोपी उडाली, गोंडे सुटले, आणि लोकांनी त्यांना ओळखून मुजऱ्यांची घाई केली. नवऱ्याचा मामा तर ढोलामागे लपला!

"कारभारी, भाता आत्ताच्या आत्ता सखोबाच्या घरी पोहोचवा! तुमच्या खांद्यावरून! वाड्यातल्या सगळ्या भांड्यांची कल्हई यापुढे त्याच्याकडेच. साळूला सोन्याच्या पाटल्या. आणि ते सात खोटे बाजे आजच इमामच्या घरी पाठवून द्या!"

मग डोळे पुसत राजांनी टोपी पुन्हा भुवयांपर्यंत ओढली आणि हळूच विचारलं, "मास्तर, पुढचं लग्न कधी आहे?"