गिरजा माळीण आणि मोगऱ्यावरची अळी

एका राज्यात चंद्रकेतू नावाचा राजा होता. पाकळीला भोक पडलेले फूल त्याच्या नजरेला सोसत नसे. त्याने म्हाळू माळ्याला आज्ञा केली, "बागेत एकही किडा जिवंत राहता कामा नये."

म्हाळूने विषारी मुळ्यांचा धूर केला. धुराने किडे मेले, किड्यांना खाणारे लाल ढालकिडे मेले आणि डोंगरावरच्या मधुला जोगिणीच्या मधमाश्याही मेल्या. जोगीण आली आणि तिने शाप दिला, "या बागेत आता फक्त कुरतडणारेच राहतील, आणि धूर करणारा त्यांच्यातलाच एक होईल."

म्हाळूची उभ्या जागी अळी झाली आणि मोगऱ्याच्या पानांत दिसेनाशी झाली.

त्याची बायको गिरजा एकटी उरली. बागेत अळ्याच अळ्या झाल्या, कोवळ्या शेंड्यांवर मावा चिकटला. बाकीचे माळी सोडून गेले. गिरजा गेली नाही. एकेका अळीजवळ वाकून ती विचारी, "तुम्हीच का?" अळी पान खात राही. आठ-आठ दिवस गिरजाच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे. अशी सात वर्षे गेली.

मग राजाने दवंडी पिटवली की येत्या पौर्णिमेला बाग जाळली जाईल. त्याच दिवशी कुंपणावर एक कोतवाल पक्षी येऊन बसला.

"माळीणबाई, तीन कामे करा, शाप उतरेल. सगळ्या अळ्या जिवंत वेचून वेशीबाहेरच्या रुईवर सोडा. जोगिणीकडून ढालकिडे मागून आणा. आणि कुरतडलेले फूल राजाच्या मुकुटात खोवायला लावा."

गिरजाने पाच दिवस अळ्या वेचल्या. सुरवंटांच्या केसांनी तिची बोटे सुजली, पण एकही अळी दुखावली नाही. सहाव्या दिवशी ती डोंगर चढली.

जोगिणीने विचारले, "तू त्यांना चिरडले का नाहीस?"

"त्यांत माझे माणूस आहे."

"आणि नसते तर?"

गिरजा म्हणाली, "तर चिरडले असते, आई. खोटे कशाला सांगू?"

"खरे बोललीस," म्हणत जोगिणीने ढालकिड्यांनी भरलेली डबी तिच्या हाती दिली. गिरजाने ती बागेत उघडली. ढालकिडे शेंड्याशेंड्यांवर पसरले आणि सकाळपर्यंत त्यांनी मावा फस्त केला.

पौर्णिमेच्या सकाळी राजा मशाली घेऊन आला. गिरजाने चाळण झालेले एक मोगऱ्याचे फूल पुढे केले.

"हे मुकुटात खोवावे, महाराज."

"हे? किड्याचे उष्टे?"

"आपल्या आज्ञेने माझ्या घरधन्याची अळी झाली. सात वर्षे त्यांचे पोट या फुलांनीच भरले. मला ती भोके प्रिय आहेत."

राजाने तिची सुजलेली बोटे पाहिली. मशाली विझवायला सांगून त्याने स्वतःच्या हाताने ते फूल मुकुटात खोवले.

तोच डोंगराकडून मधमाश्यांचा गुणगुणाट आला. वेशीबाहेर रुईवरचा एक कोश उकलला आणि म्हाळू खाली उतरला. तेव्हापासून राजाने त्या बागेत कधी विषाचा धूर होऊ दिला नाही, आणि झाडे पुन्हा बहरली.

म्हाळू बायकोसमोर येऊन उभा राहिला. "गिरजे," तो म्हणाला, "रोज विचारायचीस. मला ऐकू यायचे."

गिरजाने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.