कर्पुरेची कास

एका राज्यात राजा होता, राजवाडा होता, पागेत घोड्यांना तोटा नव्हता. पण साऱ्या राज्याचा जीव टांगला होता तो एका घोडीच्या कासेला. तिचं नाव कर्पुरा.

झालं ते असं. राजा मणिकेतूची राणी बाळंतपणात गेली आणि मागे राहिला तान्हा राजपुत्र. त्याच्या बारशाला धूमावली नावाची चेटकीण जेवायला आली. राजाने तिच्या पानात पंगतीतलं उष्टं वाढायला लावलं. ती मुकाट्याने जेवली, हात धुतले आणि म्हणाली, "राजा, तुझ्या मुलाला कर्पुरेवाचून कुणाचं दूध पचणार नाही. आणि ते दूध जितकं राखशील, तितकं नासेल." एवढं बोलून ती धूर होऊन निघून गेली.

शहाण्या माणसाने यावर घडीभर विचार केला असता. राजाने पहारा बसवला. कर्पुरेचं शिंगरू तिच्या पोटाशी लुचत होतं, ते त्याच्या डोळ्यांत खुपलं. "राजवंशाने जनावराचं उष्टं प्यावं?" असं म्हणून त्याने शिंगरू रानात हाकलून दिलं. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार राजपुत्रापुरतं वाटीभर दूध काढत आणि उरलेलं कासेतच राखून ठेवत.

मग कास सुजली. लाल झाली, तापली, दगडासारखी घट्ट झाली. सडांतून दुधाऐवजी गाठी आणि रक्त येऊ लागलं. राजवैद्यांनी लेप लावले, सूज उतरली, राजाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि राखणं पुन्हा सुरू झालं. पुन्हा कास सुजली. तिसऱ्या खेपेला घोडी मागचा पाय टेकेना, आणि पाळण्यातून रडणं ऐकू येईनासं झालं.

तेव्हा पागेच्या कुंपणावर एक टिटवी येऊन बसली व माणसासारखी बोलली.

"राजा, तीन कामं आहेत. स्वतःच्या हातांनी कास शेक आणि नासलेलं सगळं पिळून काढ. ज्याला हाकललंस, त्याला शोध. त्याला पाजून उरेल ते मुलाला दे."

"उष्टं?" राजाने विचारलं.

"उष्टं," टिटवी म्हणाली.

राजा खाली बसला. कढत पाण्यात फडकं बुडवून शेकू लागला, पिळू लागला. जमिनीवर पडलेल्या प्रत्येक थेंबाचा काळा विंचू होई आणि राजाच्या पायांना डसे. घोडी वेदनेने थरथरे, पण लाथ मारत नसे. राजाला तिची दया आली, आणि स्वतःची लाज वाटली. विंचू व्हायचे थांबले तेव्हाच तो उठला.

मग तो रानात गेला. ते रान धूमावलीचं; तिथे मेलेलं काही कुजत नसे. एका झाडाखाली शिंगरू सापडलं. ते उपाशी मेलं होतं. डोळे उघडे होते आणि तोंड राजवाड्याच्या दिशेला होतं. राजाला भडभडून आलं. शेजारीच एक गाढवाचं पिल्लू उभं होतं. त्याच्या आईला वाघाने नेलं होतं.

"शिंगराचं कातडं सोल आणि याच्या अंगावर घाल," मागोमाग आलेली टिटवी म्हणाली. "वासाने घोडी त्याला आपलं म्हणेल."

"माझ्या मुलाने गाढवाचं उष्टं प्यायचं?"

"तुझी मर्जी. पाळण्यात किती वेळ उरला आहे, ते तुला ठाऊक."

राजाने कट्यार काढली. कातडं सोलून त्याने पिल्लाच्या पाठीवर बांधलं आणि त्याला पागेत आणलं.

कर्पुरेने कातडं हुंगलं, चाटलं, आणि बऱ्याच दिवसांनी हलकेच हुंकारली. पिल्लू दोन्ही सडांना लुचून पोटभर प्यायलं. थोडं उरलं ते राजाने वाटीत घेतलं. राजपुरोहित आडवे आले. "महाराज, वंश बाटेल!"

"आधी जगू दे," राजा म्हणाला, आणि त्याने स्वतः मुलाला पाजलं. राजपुत्र टाहो फोडून रडला, तसा सारा वाडा आनंदाने रडला.

कास निवळली, पण उजवीकडे एक गाठ राहिली. ती काही केल्या विरेना. शाप अजून सुटला नव्हता. एके सकाळी ते कातडं सुकून, तडकून पिल्लाच्या पाठीवरून गळून पडलं. कर्पुरेने खाली पडलेलं कातडं हुंगलं. मग उघड्या पिल्लाला हुंगलं. तिला सगळं कळलं. रानाकडे तोंड करून ती अशी खिंकाळली की पागेतले सगळे घोडे माना खाली घालून उभे राहिले. रानातून उत्तर आलं नाही.

राजा जागच्या जागी गोठला. आता ही पिल्लाला लाथेने उडवणार, मग कास पुन्हा भरणार, आणि माझं मूल जाणार! पण तिला थांबवायचं कुठल्या तोंडाने?

भुकेलं पिल्लू चाचपडत तिच्या पोटाखाली शिरलं. कर्पुरा बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिने मागचा पाय जरासा बाजूला घेतला आणि त्याला वाट करून दिली.

त्या क्षणी कासेतली गाठ विरली आणि शाप सुटला. पुढे राजपुत्र वाढला, गादीवर बसला, राज्याची घडी नीट बसली. पण त्या सकाळी मणिकेतू राजा घोडीच्या पायांशी बसला आणि तिची क्षमा मागत लहान मुलासारखा रडला. कर्पुरा मात्र रानाकडेच बघत राहिली.