नाही म्हणायला जागा

एकदा एका रुंद नदीच्या पैलतीरी एक वृद्ध वैद्य राहत असे. नदी इतकी संथ, की ती वाहते आहे की नुसती पडून स्वप्न पाहते आहे, हे काठावरून सांगता येत नसे. पहाटे पाण्यावर धुकं उतरे आणि दुपारपर्यंत तिथेच रेंगाळे. त्या धुक्यात वैद्याचा रुग्णाश्रम कधी दिसे, कधी नुसता ऐकू येई. खलबत्त्याचा ठोका, कुणाचं कण्हणं, मधेच कुणाचं हसणं.

अलीकडच्या काठावर गाव होतं. गाव त्या वैद्याला आबा म्हणे. आबा औषधाचं मोल घेत नसत आणि कुणापुढे कधी हातही पसरत नसत. लोक याला निःस्पृहता म्हणत आणि उत्सवात आबांना हार घालत. गावाला ते फार सोयीचं होतं. हार स्वस्त असतो.

आश्रमाची एक मोठी होडी होती. आजारी माणूस तिच्यात आडवा निजून नदी पार करू शके. कोळ्यांच्या डोणी होत्या, पण त्या इतक्या अरुंद, की त्यांत धडधाकट माणसानेही अंग चोरून बसावं. ही होडी आता जुनी झाली होती. फटींत कापूस आणि राळ भरून आबा तिला वर्षानुवर्षं पाण्यावर ठेवत आले होते. एके सकाळी भर नदीत तिचा तळ उकलला. होडी रिकामी होती म्हणून निभावलं.

नेमक्या त्याच आठवड्यात धाकू नावाचा एक जवान माणूस ताडावरून पडला. त्याची पाठ दुखावली आणि कमरेखाली बधिरपणा चढू लागला. त्याला बसवता येत नव्हतं, की उचलून डोणीत घालता येत नव्हतं. माणूस आडवा मावेल अशा ज्या जड लाकडी द्रोणीत कोमट तेलात त्याला निजवायचं, ती द्रोणी पैलतीरी. आबा रोज डोणीतून त्याच्या झोपडीत जात, तळपायाला काडी टोचून पाहत आणि परत येत.

आबांची एक शिष्या होती. वनस्पती ओळखण्यात तल्लख आणि जिभेने तिखट. ती रोज विचारी, "आज कळलं का त्याला?"

"डाव्या पायाला थोडं."

"आणि काल?"

"काल जरा जास्त होतं."

त्या दिवशी तिचा बांध फुटला. "आबा, गावात लाकूडशेठच्या वखारीत सागाचे ढीग पडलेत. होडीचा तळ नवा करायला त्यातला कोपराही पुरेल. तुम्ही जाऊन मागत का नाही?"

"त्याला ठाऊक आहे आपली होडी फुटली ते. सुचेल त्याला."

"सुचेल! तोवर धाकूचे पाय वाळून काटक्या होतील. मग त्याला काय सांगायचं? आबांना मागायला लाज वाटत होती?"

आबांनी डोळे मिटले. म्हातारी माणसं उत्तर नसलं की डोळे मिटतात आणि बघणाऱ्याला ते ध्यान वाटतं.

शिष्या उठली आणि डोणी घेऊन एकटीच गावात गेली.

त्या मुलखात एक जुनी रीत होती. कुणी आपलं देणं बुडवलं, तर घेणेकऱ्याने त्याच्या उंबऱ्यावर उपाशी धरणं धरून बसावं. उंबऱ्यावर माणूस उपाशी असेतो त्या घरात चूल पेटत नसे. शिष्या लाकूडशेठच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. पाणीसुद्धा घेईना. सकाळ गेली, दुपार गेली. घरात चूल थंड. शेठची म्हातारी आई भिंतीला टेकून बसून राहिली. नातवंडं किरकिरू लागली. शेजारपाजारचे जमले.

"काय शेठ, पोरगी मरायची वाट बघताय का?"

"अहो, साग काय वर घेऊन जाणार आहात?"

"राहू दे रे, शेठला मोजायला वेळ लागतो!"

शेठ आत येरझारा घालत होता. एकदा बाहेर आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बाई गं, मी तुझ्याकडून कधी काही घेतलंय का? मग ही वसुली कसली?"

"धाकूच्या पायांची," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेठ वखारीत गेला. हाताला येतील ते ओंडके त्याने गड्यांकरवी नदीत लोटले आणि दारी परत येऊन सगळ्यांच्या देखत ओरडला, "घेऊन जा! आणि माझ्या दारातून ऊठ!"

ओंडके एकमेकांना बांधून ती निघाली. पाणी तांबूस झालं होतं. मागे ओढत येणारे काळे ओंडके झोपलेल्या जनावरांसारखे वाटत होते. पोटात अन्न नव्हतं, डोकं हलकं झालं होतं, आणि तिला वाटलं की आपण डोणीत नाहीच, ढगातून चाललो आहोत. इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं.

काठावर आबा उभे होते. त्यांनी ओंडके पाहिले आणि विचारलं, "देताना काय म्हणाला?"

तिने जसंच्या तसं सांगितलं.

आबांनी ओंडके काठच्या झाडाला बांधले आणि आश्रमातल्या सुताराला सांगितलं, "याला करवत लावायची नाही."

शिष्या त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या तोंडून जे निघालं, ते गुरूला कुणी ऐकवत नाही. "स्वतः मागायचं नाही, आणि दुसऱ्याने आणलेलं वापरायचंही नाही! तुमचं सोवळं राहावं म्हणून त्या माणसाने आयुष्यभर फरफटत जायचं का?"

"आधी जेव," आबा म्हणाले.

दुसऱ्या सकाळी आबांनी स्नान केलं, धुतलेलं धोतर नेसले आणि पोटभर जेवले. तिलाही बळेच जेवायला घातलं. तिला काही समजेना. मागायला जायचं तर मळकं नेसून, पोट खपाटीला नेऊन जावं, म्हणजे समोरच्याला दया येते. हे तर लग्नाला निघाल्यासारखे निघाले होते.

धुक्यातून डोणी गावाला लागली. शेठच्या घरी आबा दारासमोर उभे राहिले नाहीत. अंगणात एका कडेला, तुळशीपलीकडे उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली.

शेठ बाहेर आला. शिष्येला पाहताच त्याचा चेहरा आवळला. "आता काय वैद्यबुवा? कमी पडलं?"

"तुमचे ओंडके पाण्यात बांधून ठेवलेत. करवत लावलेली नाही. हवे तर गडी पाठवून आजच न्या. ती बाब संपली." आबा थोडे थांबले. "आता मी माझ्या तोंडाने मागायला आलोय. होडीचा तळ गेला आहे. धाकूला पलीकडे न्यायचं आहे. नेला तरी त्याचे पाय परत येतील असं मी सांगू शकत नाही. येतील असं वाटतं, एवढंच. तळाला लागेल तितका साग हवा. काल आला त्याच्या निम्म्यात भागेल. तुमचा साग विकायचा असेल, कुणाला शब्द दिला असेल, तर नाही म्हणा. उद्या तुमच्या घरात कुणी आजारी पडलं, तर मी आजच्यासारखाच येईन. उत्तर आत्ता देऊ नका."

आणि नमस्कार करून आबा निघाले. शेठ तोंड उघडून उभा राहिला. शिष्या मागे वळून बघत बघत त्यांच्यामागे धावली.

डोणी सुटली. वल्ह्याचा आवाज धुक्यात विरत होता. दोन्ही काठ नाहीसे झाले होते. जगात जणू ही दोघंच उरली होती.

"झालं," ती म्हणाली. "गेला साग. तुम्हीच त्याला 'नाही म्हणा' असं सांगितलंत."

"ते सांगितलं नसतं तर मागणं झालंच नसतं. पोरी, धरणं कर्जासाठी असतं. शेठ तुझं देणं लागत होता का?"

"लागत होता! ज्याच्याकडे एवढं आहे, तो सगळ्यांचंच देणं लागतो."

"असेल. पण ते त्याला त्याचं कळायला हवं. तू चारचौघांत त्याची मान धरून वाकवलीस आणि त्या वाकण्याला नमस्कार म्हणालीस. त्याने धाकूला काही दिलं नाही. त्याने तुला उंबऱ्यावरून उठवलं, एवढंच. मागताना समोरच्याला आपण काय करतो ते खरं सांगावं, लागेल तितकंच मागावं आणि त्याच्या दारातून बाजूला व्हावं. मागे वळून जाण्याइतकी वाट ज्याला आहे, त्याचंच पुढे आलेलं पाऊल त्याचं असतं."

मग तिने वल्हं पाण्यातून वर घेतलं. डोणी तिथेच तरंगत राहिली.

"हे इतकं छान माहीत होतं तर आबा, इतकी वर्षं तुम्ही असं का नाही मागितलंत? होडी काल नाही फुटली. ती कित्येक वर्षं गळते आहे."

वल्ह्यावरून पाणी निथळत होतं. या वेळी आबांनी डोळे मिटले नाहीत.

"नकाराची भीती वाटायची," ते म्हणाले. "लोकांनी त्याला मोठेपणाचं नाव दिलं, मला ते आवडलं. तू शेठला नाही म्हणू दिलं नाहीस. मी त्याला कधी हो म्हणू दिलं नाही. आपण दोघांनीही त्याला माणसात धरलं नाही."

तिने वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.

तो दिवस तसाच गेला. आबा धाकूकडे जाऊन आले. डाव्या पायाला काही कळलं नव्हतं. संध्याकाळी ती त्या बांधलेल्या ओंडक्यांपाशी बसली. सुतार करवत घेऊन आत-बाहेर करत होता. त्याला एक शब्द सांगितला असता तर काम सुरू झालं असतं. तो शब्द तिच्या ओठांवर होता. तिने तो गिळला, आणि गिळताना तिला रडू आलं.

पहाटे धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला. एक डोणी, तिच्यामागे दुसरी. पहिलीत शेठ बसला होता, अंगावर शाल घेऊन, झोप न झालेल्या डोळ्यांनी. तो उतरला तो थेट पाण्यात शिरून ओंडके चाचपू लागला.

"हा राहू दे. हा पण. हे दोन मी नेतो, दुसऱ्याला शब्द दिलाय." मग एका जाडजूड, देखण्या ओंडक्यावर हात ठेवून तो थांबला. "आणि हा वापरू नका."

"का?" शिष्येने विचारलं.

"झाड पाडताना आत चीर गेलीय. फळी निघेल ती छान दिसेल. माणसांचा भार पडला की उकलेल." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "देताना मला माहीत होतं. हाताला येईल ते लोटा म्हणालो, हा दिसला, आणि गप्प बसलो."

शिष्येच्या डोळ्यांपुढून एक होडी सरकत गेली. मधोमध आडवा निजलेला धाकू आणि खालून हळूच वर येणारं पाणी.

"याच्या बदली चांगला आणलाय," शेठने मागच्या डोणीला बांधलेल्या ओंडक्याकडे बोट केलं. "आणि सुताराला मी सांगणार, फळ्या कशा पाडायच्या ते. उगाच नासाडी नको."

शेठ काठावर बसून सुताराशी भांडत होता आणि तळ तयार होत होता. राळ वाळली तशी होडी पाण्यात लोटली आणि गावाच्या काठाला आणली. गावातल्या चौघांनी धाकूला उरलेल्या सागाच्या एका फळीवर घेतलं आणि फळीसकट उचलून तिच्यात निजवलं. आबा चढले, शेठही चढला. शिष्येने वल्हं घेतलं.

मधल्या पाण्यात आल्यावर धाकू आकाशाकडे बघत म्हणाला, "शेठ, फळी खडबडीत ठेवलीत की ओ. पाठीला टोचतंय."

"टोचतंय ना?" शेठ खाली वाकून म्हणाला. "मग टोचू दे."

आबा हसले. पाय येतील की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि शेठने ते विचारलंही नाही. धुकं विरळ होत चाललं होतं. शिष्या सावकाश वल्हवत होती. तिच्या मनात आलं, धाकूजवळ उकिडवा बसलेला हा माणूस थोड्या दिवसांपूर्वी आपल्याला नुसती एक वखार दिसला होता.

संस्था चालवणाऱ्यांनी मागायला जरूर जावं; फक्त देणाऱ्याच्या घरातून निघताना तो आपल्यामागे दार लावू शकेल, इतकं ते मोकळं सोडावं.