कोंडवाड्याची कडी आणि कोठीची किल्ली

खूप जुनी गोष्ट आहे. राजा कोण होता, राजधानी कुठं होती, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. पण त्या राज्यात नदीकाठी चिंचांच्या सावलीत एक वैद्यशाळा होती, हे मात्र सगळे सांगतात. तिथं शिकून बाहेर पडलेल्या वैद्याच्या हाती लोक बिनघोर आपलं लेकरू द्यायचे. म्हणून तिथं शिरणंही सोपं नव्हतं.

शाळेच्या दारात उभं राहून एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. प्रश्न झाडपाल्याचा नसे की नाडीचा नसे. वैद्यराज एवढंच विचारत, "कधी गुन्हेगार म्हणून चावडीवर उभं राहावं लागलंय का?" आणि उत्तर सगळ्यांसमोर, मोठ्यानं द्यायचं. आता मला सांगा, अशा प्रश्नाला "हो" म्हणायला कोण बसलंय? जो येई तो "नाही" म्हणे आणि पुढं होई. "हो" म्हटलं की परत पाठवतात, असं सगळे धरून चालले होते. खरंखोटं कुणी करून पाहिलं नव्हतं, कारण "हो" कुणी म्हटलंच नव्हतं.

डोंगरापलीकडच्या एका गावात हौसा नावाची मुलगी राहायची. तिला वैद्य व्हायचं होतं, आणि ती चावडीवर उभी राहिलेली होती.

गुन्हा म्हणाल तर एवढासा. हौसाची शेळी एकाच्या मळ्यात शिरली. मळेवाल्यानं ती धरून कोंडवाड्यात घातली. मोकाट जनावरं कोंडून ठेवायची ती जागा. दंड भरला की जनावर सुटायचं. राखणदार म्हणाला, "उद्या बापाला घेऊन ये, मग बघू." पण शेळी गाभण, दिवस भरलेले. हौसाला कुठला धीर निघतोय? राखणदार जेवायला गेला तशी तिनं दगड उचलला, दाराची कडी तोडली आणि शेळी घेऊन पळाली.

घाईत दार लोटायचं राहिलं. मग काय, आतली सगळी जनावरं बाहेर. एका आजीचा वांग्यांचा वाफा त्यांनी पार तुडवून टाकला. एक वासरू पळता पळता चरात पडलं आणि त्याचा पाय मोडला.

चावडीनं शिक्षा दिली. पावसाळाभर कोंडवाड्यातलं शेण काढायचं, जनावरांना पाणी पाजायचं. हौसानं ती निमूट भोगली. वासराच्या मालकानं तर वासराची आशाच सोडली होती. हिनं ते मागून घेतलं. बांबूच्या पट्ट्या लावून पाय बांधला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायची, हातानं पाला भरवायची. थंडी पडता पडता वासरू उभं राहिलं. ते पाहून लोक आपली आजारी जनावरं तिच्याकडं आणू लागले, मग आपली गळवं आणि मुरगळलेले हातपायही. तिथंच हिच्या मनानं घेतलं, की हे आपण नीट शिकायचं.

वैद्यशाळेकडं निघाली तेव्हा मामा सोबत आला. मामा मनानं सोन्यासारखा, पण तोंडाचा पट्टा कधी थांबायचा नाही. वाटेत त्यानं तालीमच मांडली.

"हे बघ, मी वैद्यराज. बोल पोरी, चावडीवर उभी होतीस?"

"हो, मामा."

"झालं. चल परत. अगं, डोंगराच्या अलीकडं तुला ओळखतंय कोण? 'नाही' म्हणायला काय पैसे पडतात? पुन्हा विचारतो."

डोंगर उतरेपर्यंत हौसा "नाही" अगदी सफाईनं म्हणू लागली. मामाचा जीव भांड्यात पडला. तिला मात्र तो शब्द दातात काहीतरी अडकून राहावं तसा सलत होता.

शाळेच्या दारासमोरच्या अंगणात एका बाजूला शिकायला आलेली मुलं-मुली बसली होती आणि दुसऱ्या बाजूला रोगी. वैद्यराज म्हातारे होते, पण आवाज खणखणीत. ते आधी रोगी तपासत होते. एक धिप्पाड पैलवान पोट धरून कळवळत होता.

"काय खाल्लंस?" वैद्यराजांनी विचारलं.

"पेज."

"आणि?"

"पेजच. आजाऱ्यानं दुसरं काय खायचं, महाराज?"

वैद्यराज चिडले नाहीत. शेजारी बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बाबा, तू पेज म्हणालास तर मी पेजेवरचं औषध देणार. दुखणं दुसऱ्याच कशाचं असलं, तर तेच औषध पोटात जाऊन काय करील ते मलाही ठाऊक नाही. मी तुला रागावणार नाही. काय खाल्लंस?"

पैलवानानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "फणस."

"किती?"

"होता तेवढा."

सगळं अंगण हसलं. वैद्यराज हसले नाहीत. "शाबास," ते म्हणाले, "आता तू बरा होशील." आणि त्यांनी औषधाची पुडी त्याच्या हातात ठेवली.

हौसा हे सगळं बघत होती. थोड्या वेळानं मुलांची पाळी सुरू झाली. जो उठे तो आधी आपण कुणाला कसं बरं केलं ते रंगवून सांगे, मग प्रश्नाला "नाही" म्हणे. हौसाची पाळी आली. "नाही" जिभेवर तयार होता. मागं कुंपणापाशी मामा नुसते ओठ हलवून तोच शब्द पढवत होता. नाही म्हटलं की आत. हो म्हटलं की आल्या वाटेनं परत कोंडवाड्याच्या गावाला. तिनं वैद्यराजांकडं पाहिलं, तर ते मघाशी पैलवानाकडं बघत होते तसेच तिच्याकडं बघत होते.

"हो," हौसा म्हणाली.

मामानं कपाळाला हात लावला.

"काय केलं होतंस?"

"कोंडवाड्याची कडी दगडानं तोडली. दार तसंच उघडं टाकलं. जनावरं सुटली, एका आजीची वांगी गेली, एका वासराचा पाय मोडला. चावडीनं शिक्षा दिली ती पुरी केली. आजीचा वाफा पुन्हा लावून दिला."

मामाला राहवेना. तो कुंपणावरून ओरडला, "अगं, शेळी गाभण होती ते सांग की! ते का गिळतेस?"

"हे म्हणतात ते खरं का?" वैद्यराजांनी विचारलं.

"खरं आहे. पण वासराला त्याचं काय?"

वैद्यराजांनी पुढं विचारलं, "त्या वासराचं पुढं काय झालं?"

इथं तिला छाती काढून सांगता आलं असतं. दुसरं कुणी असतं तर सांगितलंही असतं. हौसा म्हणाली, "पाय मीच बांधला. वासरू जगलं, पण लंगडतं. पट्ट्या कशा बांधायच्या ते मला कळत नव्हतं. हाड तिरकं बसलं. ते कसं बसवायचं असतं, हे शिकायलाच मी आले."

"मघापासून जो तो मला आपण बरं केलेलं दाखवतोय," वैद्यराज म्हणाले. "बिघडलेलं दाखवणारी तू पहिलीच."

तेवढ्यात औषधांची कोठी सांभाळणारे गुरुजी उठले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कपाळाला कायमची आठी. ते म्हणाले, "वैद्यराज, माझ्या कोठीत बचनाग आहे, कुचला आहे. चिमूटभर इकडचं तिकडं झालं तर माणूस हातचा जातो. कडी तोडणारा हात मी तिथं कसा फिरकू देऊ?"

त्यांचं काही चुकत नव्हतं, बरं का. ज्याच्या कमरेला विषाची किल्ली, त्यानं संशयी असायलाच हवं.

वैद्यराज म्हणाले, "गुरुजी, हा प्रश्न मी कुणाला परत पाठवायला विचारत नाही. विचारल्यावर माणूस काय करतो, ते बघायला विचारतो. हिला आपण आत घेऊ. पण कोठीचं दार तुमचं. तुम्ही स्वतः म्हणाल तेव्हाच ही तिथला उंबरा ओलांडील."

हौसा आत गेली खरी, पण अर्धीच. कारण कोठीत शिकल्याशिवाय कुणाला वैद्य होता येत नसे. बरोबरची मुलं एकेक करून कोठीत जाऊ लागली. हौसा बाहेर ओसरीवर खलात हिरडा कुटत बसायची. कुणीतरी तिचं नाव "कडीतोडी" ठेवलं आणि ते चिकटलं. तिला वाईट वाटायचं. का नाही वाटणार? पण ती वाद घालत बसली नाही. रोगी उचलायचे असोत, घाण काढायची असो, हौसा पुढं असायची.

मामा एकदा भेटायला आला आणि ओसरीवरचा खल पाहून हळहळला. "तेव्हा 'नाही' म्हणाली असतीस, तर आज आत असतीस गं."

"आत असते, मामा. आणि कुणी डोंगरापलीकडचं दारात दिसलं, की तोंड लपवावं लागलं असतं. हे बरं आहे."

मामा तिच्याशेजारी बसला आणि तिच्याबरोबर हिरडा निवडू लागला.

मग एक दिवस असा आला. बाजारचा दिवस होता, रोग्यांची ही गर्दी. लहान मुलांच्या खोकल्याचं चूर्ण संपलं, म्हणून गुरुजींनी हौसाला ते भराभर कुटायला सांगितलं. तिनं समोर दिसला तो खल ओढला, चूर्ण कुटलं, पुड्या बांधल्या. आया पुड्या घेऊन आपापल्या वाटेला लागल्या. हौसा खल धुवायला बसली आणि तिचा हात थांबला. खलाच्या तळाशी, कडेला, करड्या रंगाची पुसट रेघ होती. तिनं बोट लावून जिभेच्या टोकाला टेकवलं. कडू जहर. कोठीत शिकणारी मुलं सांगायची तसाच, तो कुचला होता. आदल्या दिवशी कोठीतल्या कुणीतरी त्यात कुचला कुटला होता, आणि कुटण्याआधी खल धुऊन घ्यायचा, हा शाळेचा अगदी पहिला नियम आज ती विसरली होती.

कुणी पाहिलं नव्हतं. पाण्याचा एक तांब्या ओतला असता, तर ती रेघही गेली असती. विष कदाचित एकाही पुडीत उतरलं नसेल. आणि ही गोष्ट सांगितली, तर कोठीचं दार जन्मात उघडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हौसा तो खल तसाच हातात घेऊन गुरुजींकडं धावली. "गुरुजी, माझी चूक झाली. खल न धुता कुटलं. पुड्यांत कुचला असेल. घंटा वाजवा."

गुरुजी तसेच घंटेकडं धावले. घंटा घणघणली. मुलं बाजाराकडं पळाली, घाटाकडं पळाली. हौसा नदी ओलांडून पलीकडच्या वस्तीत शिरली, कारण एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन तिकडं गेलेली तिनं पाहिली होती. बाईनं चूर्ण मधात कालवलं होतं आणि बोटावर घेऊन ती बाळाच्या तोंडाशी नेत होती. हौसानं तिचा हात धरला. मग तिथंच जमिनीवर बसून ती रडली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या पुड्या परत आल्या. गुरुजींनी त्या तपासल्या. बऱ्याचशा साफ होत्या. पण पहिल्या काही पुड्यांत कुचला निघाला, आणि बाळाची पुडी त्यांतलीच होती.

दुसऱ्या दिवशी सगळी शाळा ओसरीवर जमली. कडीतोडी आज गावी जाणार, असं सगळ्यांना वाटत होतं. हौसानं तर गाठोडंही बांधून ठेवलं होतं. गुरुजी आले, कपाळावर तीच आठी. त्यांनी आधी तिला सगळ्यांदेखत खल न धुतल्याबद्दल खडसावलं, आणि चांगलं खडसावलं. मग कमरेचा जुडगा सोडला, त्यातली कोठीची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"गुरुजी," एक मुलगा चाचरत म्हणाला, "चूक केली तिनं, आणि किल्ली तिलाच?"

"चुका तुम्हीही करता," गुरुजी म्हणाले. "मीही करतो. मला त्या दुसऱ्या दिवशी कळतात, तिसऱ्या दिवशी कळतात, काही तर कळतही नाहीत. हिची मात्र मला बाळाच्या तोंडात बोट जायच्या आधी कळली. विषाच्या कोठीला असंच माणूस लागतं. इतके दिवस मी तिच्या हाताकडं बघत होतो, तिच्या तोंडाकडं बघायला हवं होतं." असं म्हणून त्यांनी स्वतः तिचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत नेलं.

पुढं हौसा मोठी वैद्य झाली, आणि वैद्यराजांच्या पश्चात त्या दारात उभं राहून तोच प्रश्न विचारू लागली. दाराशेजारी चिंचेखाली एक म्हातारा बैल बसलेला असायचा, उठला की लंगडायचा. तिनं तो गावाहून मागवून घेतला होता. नव्यानं आलेली मुलं घाबरत घाबरत विचारायची, "बाई, हा कुणाचा?"

"हा माझा पहिला रोगी," हौसा सांगायची. "याचा पाय माझ्यामुळं मोडला आणि मीच तिरका बांधला. आता तुमचं सांगा." आणि मुलं सांगू लागायची.

म्हणून लहानथोर मंडळी, एवढं ध्यानात ठेवा: ज्याला आपली चूक वेळेवर आणि स्वतःहून सांगता येते, त्याच्याच हाती दुसऱ्याचा जीव निर्धास्तपणे सोपवावा.